गोळी बदलायची नाही

४ जानेवारी

ही डायरी विमावाल्यांनी दिली. दर वर्षी दुकानात येऊन मालकांना एक देतात, यंदा मलाही दिली. "घरचं काम माझ्याकडे दिलंत ना मॅडम, म्हणून," म्हणाले. काम म्हणजे आईच्या प्रवासाचा वैद्यकीय विमा. आई बेबीकडे चालली आहे. तीन महिन्यांसाठी, चोवीस फेब्रुवारीला.

मी काही रोज लिहिणारी बाई नाही. पण सध्या घरात बोलायला कोणी उरलेलंच नाही. आई सकाळ-संध्याकाळ बेबीशी फोनवर असते आणि मधल्या वेळात बेबीबद्दल बोलत असते.

बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. अठ्ठेचाळीस वर्षांची बेबी! परदेशात जाऊन सतरा वर्षं झाली. आता तिथे स्वतःचं घर झालं, तेव्हा बाईसाहेबांना आईची आठवण आली. मी नवऱ्याचं घर सोडून परत आले त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून आई आणि मी, दोघीच. आईच्या गोळ्या, आईची कवळी, आईचं ब्लडप्रेशर, दोन वर्षांपूर्वी हृदयात बसवलेला स्टेंट, सगळं माझ्याकडे. बेबी मला ताई म्हणते, तिचं ऐकून आईसुद्धा ताईच म्हणायला लागली.

आज आईने जिन्यात पाच जणांना सांगितलं की ती बेबीकडे चालली आहे. मी दाराआड उभी राहून मोजलं.

९ जानेवारी

आई म्हणाली, "ताई, मला नवा चष्मा करून दे गं."

मी चष्म्याच्या दुकानात तेवीस वर्षं नोकरी करते. आख्ख्या गल्लीच्या नाकावर माझ्या हातचे चष्मे आहेत. नऊ वर्षं आईच्या मागे लागले होते, नंबर बदललाय, चल दुकानात. तेव्हा उत्तर ठरलेलं असायचं, "मला कुठे आता परीक्षेला बसायचंय!" आणि आज अचानक नवा चष्मा पाहिजे. का, तर बेबीचं घर नीट बघायचंय.

माझं तोंड काय बघायचं, ते तर जुन्या नंबरातही दिसतं.

मी म्हटलं, निघायच्या आधी आठवडाभर करू, म्हणजे नंबर ताजा राहील. असं काही नसतं. पण म्हटलं.

१५ जानेवारी

विमावाले कागद घेऊन दुकानात आले. भला माणूस आहे. अट वाचताना चष्मा कपाळावर चढवतात आणि कागद नाकाला लावतात. मी कितीदा सांगितलं की तुमच्या चष्म्याला खाली वाचायचा नंबर आहे, त्यातून बघा. ऐकत नाहीत.

"तुमच्या आईंचं वय, ब्लडप्रेशर आणि स्टेंट," ते म्हणाले, "म्हणजे आधीपासूनचे आजार. साधी पॉलिसी आधीपासूनच्या आजाराला हातच लावत नाही. ही लावते. पण एक अट आहे. निघायच्या दिवसाआधी सलग एकशेऐंशी दिवस तब्येत स्थिर पाहिजे."

"स्थिर म्हणजे?"

"नवं दुखणं नाही. दवाखान्यात भरती नाही. आणि गोळी बदलायची नाही."

"वाढवायची नाही, असंच ना?"

"कमीसुद्धा नाही."

"अहो, कमी झाली म्हणजे तब्येत सुधारली की!"

"ते तुमच्या-माझ्या लेखी. कंपनीच्या लेखी बदल तो बदल. त्या दिवसापासून एकशेऐंशी पुन्हा एकपासून."

आईची शेवटची गोळी जुलैमध्ये बदलली होती. म्हणजे निघायच्या दिवसापर्यंत एकशेऐंशी आरामात भरतात. विमावाले म्हणाले, काही काळजी नाही, फक्त मधे काही झालं तर मला कळवा. कमीसुद्धा नाही, कमीसुद्धा नाही, असं मी घरी येईपर्यंत घोकत होते. चुकून काही व्हायला नको म्हणून.

२३ जानेवारी

आईने प्रवासासाठी बूट घेतले. पांढरे! ते घालून रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारते. तिकडे चालावं लागतं म्हणे. मी संध्याकाळचं फिरायला चल म्हटलं की आजवर गुडघे दुखायचे.

आज बूट काढले तेव्हा घोट्याशी सूज दिसली. आई म्हणाली, बुटाचा वण आहे. मी अंगठ्याने दाबून पाहिलं तर खळगा पडला. जरासाच. "असू दे गं, जाईल," आई म्हणाली आणि फोन वाजला म्हणून तशीच अनवाणी धावली. "बोल गं बेबी! नाही गं, कुठे काय, तुझ्याकडे आले की मला मोकळं वाटेल बघ."

मोकळं वाटेल. म्हणजे इथे मी गळा धरून बसले आहे.

३१ जानेवारी

आईला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. ती नको म्हणत होती, पण एवढ्या लांब जायचं, विमानात काही झालं तर? मुलगी म्हणून माझी काही जबाबदारी आहे की नाही?

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, विशेष काही नाही, ब्लडप्रेशर छान आहे. मी सूज दाखवली. म्हणाले, ब्लडप्रेशरच्या या गोळीने होते थोडी, काळजी करू नका. मी म्हटलं, तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसायचंय हो, वाढली तर? मग त्यांनी पुन्हा पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, बरं, ही गोळी अर्धी करून टाकू, सूज उतरेल.

बदला असं मी म्हटलेलं नाही. डॉक्टरांनी आपणहून बदलली.

दवाखान्याच्या पायरीवरूनच विमावाल्यांना फोन केला. लपवाछपवी मला जमत नाही. ते म्हणाले, "आज गेला नसतात तर चाललं नसतं का हो मॅडम?"

आता एका विमावाल्याने हे म्हणावं! माझ्या आईच्या तब्येतीपेक्षा याला पॉलिसी मोठी.

२ फेब्रुवारी

बेबीने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "अर्धी गोळी, ताई! अर्ध्या गोळीसाठी! सांगितलंसच कशाला त्यांना?"

मी शांतपणे म्हटलं की उद्या तिकडे काही झालं आणि बिल आलं की कंपनी इथले सगळे जुने कागद मागवते. लपवलेलं सापडलं तर छदाम मिळत नाही. मग ती म्हणाली, येऊ दे तशीच, बघू काय होतं ते. पण मागून जावयांचा, म्हणजे बेबीच्या नवऱ्याचा, आवाज आला, नको, अजिबात नको, माझ्या मित्राच्या वडिलांच्या बिलाचं काय झालं माहीत आहे ना. जावई शहाणा माणूस आहे. मला पहिल्यापासून आवडतो.

नवी तारीख ठरली, चार ऑगस्ट. एकशेऐंशी दिवस तीस जुलैला भरतात.

मला वाटलं होतं आई रडेल, चिडेल. तिने पांढरे बूट कागदात गुंडाळले, खोक्यात ठेवले आणि खोकं कपाटावर टाकलं. मग माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, चहा करू का? म्हणाली, कर.

रात्री मी तिच्या आवडीची भाजी केली. दोन घास जास्तच जेवली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

१४ फेब्रुवारी

आईने भिंतीवर कॅलेंडर लावलं आहे. रोज सकाळी उठून पेन्सिलीने एक दिवस खोडते. घरातला गॅस कधी लावला ते तिच्या लक्षात राहत नाही, पण आज चौदावा दिवस आहे हे बरोबर लक्षात आहे.

मी म्हटलं, "आई, इथे एवढे वाईट दिवस चाललेत का, की खोडून टाकायचे?"

"तसं नाही गं," म्हणाली.

मग कसं, ते काही सांगितलं नाही.

२० मार्च

पायाची सूज उतरली. डॉक्टरांचं बरोबर होतं, म्हणजे माझंही.

दर महिन्याला ब्लडप्रेशर दाखवायला जायचं असतं, तर आई आली नाही. "गेलं की काहीतरी बदलतात. मी ठणठणीत आहे." मी एकटी जाऊन त्याच गोळ्या लिहून आणल्या.

आणि खरंच ठणठणीत आहे. गेल्या महिन्याभरात एक तक्रार नाही. पूर्वी रोज काहीतरी असायचं, ताई पाठ चोळ, ताई डोकं धरलंय. आता काही विचारलं की, "छान आहे." बेबीकडे जायचं ठरलं आणि सगळी दुखणी पळाली. मी सव्वीस वर्षं पाठ चोळली, तर पाठ दुखायची थांबली नाही.

२ मे

आता आईची आणि बेबीची गुपितं सुरू झाली आहेत. पूर्वी आई फोनवर एवढ्या मोठ्याने बोलायची की शेजारी ऐकू जायचं. आता दोन शब्द बोलते, थांबते, परत दोन शब्द. आवाज इतका खाली की दाराशी उभं राहिलं तरी कळत नाही. मी आत गेले की, "बरं, ठेवते," करून ठेवून देते.

माझ्याबद्दलच बोलत असणार. नाहीतर एवढं थांबून थांबून, शब्द तोलून बोलायचं कारण काय? बोला म्हणावं, पोटभर बोला.

१९ मे

काल सकाळी आईचं अंथरूण आवरताना पाहिलं तर उशाशी तीन उशा. एक तिची, एक माझ्या पलंगावरची जुनी आणि एक सोफ्यावरची. म्हटलं, हे काय, महाराणीचा दरबार आहे का?

"बेबीने सांगितलंय, तिकडच्या उशा उंच असतात. सवय करते."

ऐकलंत? अजून तिकीट हातात नाही आणि मान आत्तापासून तिकडची झाली. मी सोफ्यावरची उशी उचलून परत सोफ्यावर टाकली. आज पाहते तर पुन्हा पलंगावर.

७ जून

आई हल्ली खाली उतरत नाही. सगळं मीच आणायचं. गच्चीवरच्या फेऱ्याही बंद. म्हणते, खिडकीतून छान दिसतं. बूट म्हणे नवेच राहू देत, मळायला नकोत. एवढ्या उकाड्यात पायात मोजे घालून बसते. तिकडची थंडी इथे सुरू झाली आहे.

परवा बँकेच्या कामासाठी न्यावंच लागलं, तर परत येताना पहिल्या मजल्याच्या वळणावर जिन्यातच बसली. मी पिशव्या घेऊन वर जाऊन, कुलूप काढून, पंखा लावून परत खाली आले तरी तिथेच. खालच्या बाईंना सांगत होती, बेबीकडे जिना नाही, सगळं एका पातळीवर आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिसऱ्या मजल्यावरचं का होईना, हप्ते भरून घर मी घेतलं आहे. आजवर कधी वाकडं बोलली नव्हती त्याबद्दल.

३० जून

एकशे पन्नास दिवस झाले म्हणून आईने कॅलेंडरवर गोल केला. बारीक झाली आहे, पण पोट मात्र सुटलंय. पोटभर जेवत नाही, घशाशी येतं म्हणते. आनंदाने भूक मेली असेल.

मी आज विमावाल्यांना उगीचच विचारलं की समजा आई गेली आणि तिला तिकडेच राहावंसं वाटलं तर मुदत वाढवता येते का. म्हणाले, येते. मी म्हटलं, हे बेबीला सांगू नका.

१७ जुलै

नीट लिहिते.

आज आईला चष्म्यासाठी दुकानात नेलं. रिक्षाने, दारापर्यंत. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. त्या चढल्यावर ती काउंटरला धरून उभी राहिली आणि फ्रेमा बघतेय असं दाखवू लागली. मला वाटलं खरंच बघते आहे. मी दोन काढूनही दिल्या.

आमच्या दुकानात नंबर तपासायला एक मुलगी येते. हुशार आहे, फार बोलत नाही. तिने आईला खुर्चीत बसवलं, समोर अक्षरांचा तक्ता लावला. मी पडद्याच्या बाहेर उभी राहून ऐकत होते. आई दोन अक्षरं वाचायची आणि थांबायची. दोन अक्षरं, थांबायची. मला वाटलं, नंबर बराच वाढलाय, दिसत नाहीये. नऊ वर्षं सांगत होते, भोग आता.

मुलगी बाहेर आली. पडदा नीट ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत दिसतंय. त्यांना श्वास पुरत नाहीये."

मी म्हटलं, "काय?"

"दोन अक्षरांच्या वर श्वास पुरत नाही. पाय बघितलेत का त्यांचे? मोज्यांच्या वर सूज आलीय. माझ्या आजोबांचं असंच झालं होतं, शेवटी उशा रचून बसूनच झोपायचे."

उशा.

आईला जिन्यात बसवत बसवत घरी सोडून मी मालकांकडून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत, लेन्स घासायच्या मशीनशेजारी बसून पिशवीतली ही डायरी पहिल्यापासून वाचली. सगळं लिहिलंय. तारखेसकट. दोन शब्द बोलते आणि थांबते, मी लिहिलंय. तीन उशा, मी लिहिलंय. मोजे, जिना, पोट, घशाशी येणारं जेवण. डॉक्टरांना दाखवायला म्हणून कोणी टिपण करावं, तसं सगळं नीट टिपून ठेवलंय, आणि प्रत्येक ठिकाणी खाली बेबीचं नाव घालून मी जळत बसले आहे.

ती लपवत होती. गोळी बदलू नये म्हणून. दिवस भरावेत म्हणून.

१८ जुलै

सकाळी आईसमोर बसले आणि म्हटलं, "आई, उठ. डॉक्टरांकडे जायचंय."

"मला काही झालेलं नाही."

"तुला दम लागतो. झोपताना आडवं होता येत नाही. पाय सुजलेत. मला सगळं कळलंय."

तिने मोजे वर ओढले. मग भिंतीकडे बोट दाखवलं. "बारा दिवस राहिलेत, ताई. बारा. ते... होऊन जाऊ देत. बेबीकडे पोचले की... तिथल्या डॉक्टरला दाखवते. विमा असेल... तेव्हा."

"बारा दिवस थांबायचं नाही."

"तुला मला जाऊच द्यायचं नाहीये."

मी तिच्या चपला आणून पायाशी ठेवल्या.

"त्या वेळी... सूज होती का गं खरंच? की तुला... दाखवायचीच होती?"

खोटं बोलता आलं असतं. सहा महिने माझ्याशीच बोलत होते ना. पण मी नुसतं सूज होती एवढंच म्हटलं असतं, तर ती उठली नसती. आज मी खरं बोलतेय यावर तिचा विश्वास बसायला त्या वेळचं खोटं मला सांगावंच लागणार होतं.

मी म्हटलं, "सूज जराशीच होती. मला दाखवायची होती. डॉक्टर नको म्हणत होते. मी गोळी बदलून घेतली. कमी केली तरी चालत नाही हे मला माहीत होतं. मी जळत होते, आई. तू बेबीकडे हसत हसत निघाली होतीस ना, ते मला बघवत नव्हतं. त्या वेळी जळत होते म्हणून नेलं. आज त्यासाठी नेत नाही. आज मला भीती वाटतेय."

आई म्हणाली, "माहीत होतं मला."

"कधीपासून?"

"पायरीवरून... फोन केलास तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" आई म्हणाली. "तुझ्या घरात राहते मी."

आजपर्यंत मला वाटत होतं की मी तिच्याकडे परत आले आणि तिच्याकडे राहते आहे. ढसाढसा रडले, लाज सोडून. ती रडली नाही. तिला रडायला तेवढा श्वास नव्हता.

थोड्या वेळाने म्हणाली, "येते. पण बेबीला फोन... तू करायचास. आत्ता. आणि खरं सांगायचं. जानेवारीचं पण."

मी केला. आईसमोर उभी राहून सगळं सांगितलं. बेबीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आईला आधी घेऊन जा. तुझ्याशी मला आत्ता बोलायचं नाहीये," आणि फोन ठेवला. बरोबर केलं तिने.

खालच्या बाईंच्या मुलाने आणि मी खुर्चीत बसवून आईला तीन मजले खाली उतरवलं.

२१ जुलै

आईला भरती करून घेतलं आहे. हृदयाचा जोर खूप कमी झालाय, फुप्फुसांत पाणी साचलं होतं. ते औषधाने काढताहेत. पहिले दोन दिवस फार वाईट गेले. आज जरा बरी आहे, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे काही आठ दिवसांत होत नाही. तीन-चार महिने चालू असणार. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का?"

मी म्हटलं, "आलं होतं."



विमावाले भेटायला आले होते. पॉलिसी रद्द करायच्या कागदावर माझी सही पाहिजे होती, पण कागद खिशातून काढलाच नाही त्यांनी. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिले. शेवटी मीच म्हटलं, द्या इकडे. सही केली.

२७ जुलै

बेबी आली. किती म्हातारी दिसायला लागली आहे. फोनवर कळत नाही ते. माझ्याशी कामापुरतं बोलते. आईपाशी एकालाच बसायची परवानगी आहे, तो पास मी तिला दिला. देताना पोटात दुखलंच. दहा मिनिटांत नर्स बाहेर आली, "तुमच्या बहिणीला एकही गोळी सांगता येत नाहीये." आणि मला एवढं बरं वाटलं की माझीच मला शिसारी आली. आत जाऊन सगळ्या गोळ्या सांगितल्या आणि बेबीला कागदावर लिहून दिल्या.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं. घरी सोडतील. जपून राहिल्या तर दिवस बरे जातील. विमानप्रवास मात्र आता नाही. बेबीने विचारलं, सहा महिन्यांनी? ते म्हणाले, नाही. वर्षाने? ते म्हणाले, त्यांना आता कुठे पाठवू नका.

म्हणजे आई माझ्याकडेच राहणार. जानेवारीत मला हेच हवं होतं.

आईला कोणी सांगायचं, ते आमचं ठरेना. तिनेच ओळखलं. बेबीकडे बघून म्हणाली, "तुझी ती खोली... कशी आहे ती सांग ना. मला नीट सांग."

बेबीने सांगितली. रडत रडत, पण अगदी नीट सांगितली. दार कुठे, पलंग कुठे, चादर कोणत्या रंगाची, खिडकीबाहेर काय दिसतं, सकाळी ऊन किती आत येतं. आई डोळे मिटून विचारत होती, कपाट कुठे? स्वयंपाकघरात जायला किती पावलं? मी दाराशी उभी होते. आत जायचं की बाहेर थांबायचं, मला कळेना.

२९ जुलै

बेबी कपडे बदलायला घरी गेली होती. मी आईपाशी. मी तिची वेणी घालत होते, तिचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. तर एकदम म्हणाली, "ताई, तू सांग."

"काय सांगू?"

"खोली."

मी म्हटलं, "मी कुठे पाहिलीय, आई?"

"ऐकलीस ना परवा. सांग."

मग मी सांगितली. म्हटलं, आपण दारातून आत आलो. डाव्या हाताला पलंग आहे, निळी चादर. पलंगासमोर खिडकी...

"समोर नाही," आई म्हणाली. "उजवीकडे."

"बरं. खिडकी उजवीकडे."

"पहिल्यापासून सांग."

मी वेणी सोडून तिचा हात धरला आणि पुन्हा दारापासून सुरुवात केली.